नांदोसचा सडा आणि खुन्याचं मन

मालवण तालुक्यात कट्ट्याजवळ नांदोस नावाचं गाव आहे. गाव खाली, माडा-पोफळीत. वर सडा, म्हणजे जांभ्याचं उघडं पठार. पावसाळ्यात तिथं फुलं आणि पाण्याची डबकी असतात, दिवाळी सरली की गवत पिवळं पडतं आणि करवंदीच्या जाळ्यांखेरीज आडोसा उरत नाही. गुरं राखणारा किंवा लाकूडफाट्याला गेलेला माणूस सोडला, तर तिकडे कोणाचं काही काम नसतं. शिवाय कातळावर पाऊल उमटत नाही.

2003 साली या सड्यावर दहा माणसांचे खून झाले. सगळे एकाच दिवशी नव्हेत. माणसं वेगवेगळ्या वेळी तिथं नेली गेली होती. आमिष एकच होतं, पैशांचा पाऊस. मांत्रिक पूजा मांडील, नोटा बरसतील, आणलेल्या रकमेच्या कितीतरी पट घेऊन घरी जाल. फक्त येताना रोकड घेऊन या आणि कोणाला काही सांगू नका. लोक आपल्या पायांनी डोंगर चढले. वर त्यांना मारलं, पैसे आणि अंगावरचे दागिने काढून घेतले. पोलिसांच्या हाती लागले ते कुजलेले अवशेष.

आता या अवशेषांकडे बघून खुन्याचं मन ओळखायचं म्हटलं, तर काय ओळखाल? दहा मृतदेह आणि निर्जन डोंगर म्हटलं की कोकणात नरबळीची कुजबूज सुरू होणारच. इंग्रजी मालिका बघणारा म्हणेल, रक्ताची चटक लागलेला एकटा विकृत माणूस. दोघांनाही ही भीषणता एखाद्या भीषण मनातूनच आली असावी असं वाटतं. प्रत्यक्षात इथं एक टोळी होती आणि तिचा हिशेब अगदी साधा होता. ज्याला लुबाडलं तो तक्रार करील, मेलेला करणार नाही. खून हा तिच्या धंद्याचा शेवटचा टप्पा होता.

घटनास्थळावरून गुन्हेगाराचा अंदाज बांधण्याच्या या पद्धतीला प्रोफायलिंग म्हणतात. तिचा इतिहास बहुतेक जण लंडनपासून सुरू करतात. 1888 च्या नोव्हेंबरात थॉमस बाँड या पोलीस सर्जननं जॅक द रिपरच्या खुनांचे तपशील वाचून त्याच्याबद्दल एक टिपण लिहिलं. अंगानं मजबूत, डोक्यानं थंड, दिसायला निरुपद्रवी, बहुधा एकलकोंडा, आणि शरीरशास्त्राचं ज्ञान त्याला अजिबात नसावं, असं बाँडचं म्हणणं होतं. खुनी सापडलाच नाही, त्यामुळे टिपण बरोबर की चूक हे ठरलंही नाही. या विद्येची सुरुवातच अशी न तपासता येणाऱ्या उत्तरानं व्हावी, हे मला बोलकं वाटतं.

तिचा खरा बोलबाला झाला न्यूयॉर्कमध्ये. 1940 ते 1956 या काळात तिथं कोणीतरी सार्वजनिक ठिकाणी बाँब ठेवत होतं आणि वीज कंपनीवर राग काढणारी पत्रं पाठवत होतं. जेम्स ब्रसेल या मानसोपचारतज्ज्ञानं पत्रं वाचून सांगितलं की माणूस मध्यमवयीन असेल, त्याच्या मनात छळाचा संशय मुरलेला असेल, आणि पकडाल तेव्हा त्याच्या अंगावर दुहेरी बटणांचा कोट असेल, बटणं लावलेली. जानेवारी 1957 मध्ये जॉर्ज मेटेस्कीला धरलं तेव्हा तो कपडे बदलून खरोखर तसा कोट घालून बाहेर आला. जगभर सांगितली जाते ती ही कोटाची गोष्ट. मेटेस्की सापडला तो मात्र वीज कंपनीच्या जुन्या फायलींतून. ॲलिस केली नावाची कारकून नुकसानभरपाईची प्रकरणं चाळत होती, तिला एका तक्रारदाराच्या पत्रात बाँबवाल्याच्या पत्रांतले शब्द दिसले. कोट लक्षात राहिला आणि ॲलिसबाई विस्मरणात गेल्या.

पुढे 1972 मध्ये अमेरिकेच्या एफबीआयनं वर्तनशास्त्राचा वेगळा विभाग काढला. रॉबर्ट रेसलर, जॉन डग्लस या अधिकाऱ्यांनी तुरुंगात जाऊन 36 गुन्हेगारांच्या मुलाखती घेतल्या आणि त्यावरून खुन्यांचे दोन गट पाडले, संघटित आणि विस्कळीत. संघटित खुनी हत्यार सोबत आणतो आणि परत नेतो, बळी निवडतो, प्रेत लपवतो. तो हुशार असतो, चारचौघांत मिसळतो. विस्कळीत खुनी हाताला लागेल त्यानं मारतो, पसारा टाकून जातो. तो एकटा असतो, मनानं आजारी असण्याचा संभव जास्त. वाचायला हे फार सोयीचं आहे. 2004 मध्ये इंग्लंडच्या डेव्हिड कँटरनं शंभर खुनांची माहिती घेऊन ही विभागणी खरंच दिसते का हे तपासलं, तेव्हा असे दोन वेगळे गट काही निघाले नाहीत. संघटितपणाच्या खुणा थोड्याफार सगळीकडेच होत्या आणि विस्कळीतपणा ज्याचा त्याचा वेगळा होता.

तरी या विद्येनं दिलेले काही भेद कामाचे आहेत, ते टाकून देऊ नयेत. गुन्हा पार पाडण्यासाठी जे करावं लागतं ती झाली कार्यपद्धत. ती अनुभवानं बदलते, सुधारते. गुन्ह्याला ज्याची गरज नव्हती तरी केलं, ती त्या माणसाची खूण. आणि तपास भलतीकडे वळावा म्हणून केलेली मांडणी म्हणजे बनाव. नोव्हेंबर 2017 मध्ये सांगली पोलिसांच्या कोठडीतल्या एका तरुणाचा मृतदेह आंबोलीत आणून जाळल्याचं प्रकरण उघडकीला आलं, आरोपी खुद्द पोलीस. तो तरुण कोठडीतून पळून गेला, असं आधी सांगण्यात आलं होतं. इथं मृतदेह जाळणं ही कोणाच्या मनाची विकृती नव्हे, तो या पळून गेल्याच्या गोष्टीला लागणारा भाग होता. घाट, दाट धुकं, खोल दरी आणि रात्रीचा निर्मनुष्य रस्ता यामुळे आंबोलीवर मृतदेह टाकले जाण्याचं हे दुर्दैव पुन्हा पुन्हा येतं. जागेवरून अंदाज करायचा तर एवढाच, की आणणाऱ्याला जागा ठाऊक होती आणि त्याच्याकडे गाडी होती.

महाराष्ट्रात या सगळ्याचा धडा घ्यायचा तर पुण्याच्या जोशी-अभ्यंकर प्रकरणाइतकं चांगलं उदाहरण नाही. जानेवारी 1976 ते मार्च 1977, दहा खून. सुरुवात एका कॉलेजातल्या मुलापासून झाली. त्याला पळवून, मारून, पिंपात घालून पेशवे पार्कच्या तळ्यात टाकलं आणि त्यानंतर त्याच्या वडलांकडे खंडणीची चिठ्ठी पाठवली. ऑक्टोबरच्या अखेरीस विजयानगर कॉलनीतलं जोशी कुटुंब, तिघं. 1 डिसेंबरला भांडारकर रस्त्यावर संस्कृतचे नामवंत पंडित काशिनाथशास्त्री अभ्यंकर, वय 88, आणि त्यांच्या घरातले आणखी चौघं. पुणं संध्याकाळी सातला दारं लावून घेऊ लागलं.

त्या घरांत काय दिसत होतं? दार फोडलेलं नव्हतं, म्हणजे आत येणाऱ्यांना दार उघडून दिलं गेलं होतं. हातपाय बांधलेले, तोंडात बोळे. गळे नायलॉनच्या दोरीनं आवळलेले. घरातल्या इतक्या माणसांना आरडाओरडा न होऊ देता बांधायचं तर एकट्याचं काम नव्हे. कुत्र्यांना माग लागू नये म्हणून अत्तर शिंपडलं होतं, म्हणजे कुत्रं येणार याचा विचार आधीच झाला होता. हे सगळं अनुमान घरात उभं राहून करता येतं आणि ते बरोबर आहे. अनेक जण, थंड डोकं, तयारीनं आलेले. पण इथून पुढे पाऊल टाकलं की घसरगुंडी. लोकांनी सराईत दरोडेखोर धरले, परप्रांतीय टोळी धरली, कोणाचा तरी सूड धरला. निघाली अभिनव कला महाविद्यालयातली मुलं: राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप, मुनव्वर शहा, आणि माफीचा साक्षीदार झालेला सुहास चांडक. चित्रकलेचे विद्यार्थी, असा अंदाज त्या घरांत उभं राहून कोणीही केला नसता, आणि केला असता तर त्याला वेड्यात काढलं असतं.

ते पकडले गेले ते त्यांच्या स्वभावाच्या वर्णनावरून नव्हे, दोरीवरून. मार्च 1977 मध्ये मुळा-मुठेच्या पात्रात एका तरुणाचा मृतदेह वर आला. तो बुडून राहावा म्हणून लोखंडी शिडीला बांधला होता, तीच नायलॉनची दोरी, तशाच गाठी. इथं जरा थांबण्यासारखं आहे. गाठ मारताना माणूस विचार करत नाही. दोरीचा कुठला पदर वर घ्यायचा, किती वेढे द्यायचे, टोक कुठून काढायचं हे हाताला एकदा बसलं की बसलं. मालवणातला रापणकार काळोखातही जाळ्याची गाठ त्याच्या हाताच्या सवयीनंच मारतो. म्हणून गाठीवरून खुन्याची बालपणीची दुःखं कळणार नाहीत, पण भांडारकर रस्त्यावरचा हात आणि नदीतला हात एकच आहे हे कळतं. अधिकारी मधुसूदन हुल्याळकर यांच्या तपासात मृत तरुणाच्या ओळखीतल्या मुलांकडे विचारणा झाली, त्यांच्या सांगण्यात मेळ बसेना, आणि गोष्ट उलगडली. चौघांना 27 नोव्हेंबर 1983 रोजी येरवड्यात फाशी झाली.

याच्या अगदी उलट टोकाला रामन राघव. 1965 पासून मुंबईच्या उपनगरांत, फुटपाथवर नि झोपड्यांत झोपलेल्या माणसांची डोकी कोणीतरी जड वस्तूनं फोडत होतं. नेलेलं काही असलं तर इतकं क्षुल्लक की चोरी हे कारण पटू नये. मुंबई गुन्हे शाखेचे रमाकांत कुलकर्णी यांनी 1968 मध्ये तपासाची सूत्रं घेतली, आणि ऑगस्टमध्ये उपनिरीक्षक ॲलेक्स फियालो यांनी वर्णनावरून त्याला रस्त्यात ओळखलं. तो बोलेना. मग म्हणे त्याला कोंबडी खायची होती. ती मिळाली, डोक्याला तेल, हातात आरसा मिळाला, आणि बोलणं सुरू झालं. त्याच्या बोलण्यातून जे जग बाहेर आलं ते कुठल्याही पंचनाम्यात मावणारं नव्हतं. त्याच्या लेखी दोन जगं होती. एकात 'कानून' राहतो, आणि इथले लोक त्याला त्याच्या मार्गावरून ढळवून त्याचं लिंग बदलायला टपलेले. मानसोपचारतज्ज्ञांच्या मंडळानं त्याला जुनाट स्किझोफ्रेनिया असल्याचं सांगितलं, 1987 मध्ये उच्च न्यायालयानं फाशीऐवजी जन्मठेप दिली, आणि 1995 मध्ये तो पुण्यात ससून रुग्णालयात मेला. हे मन घटनास्थळावरून कळलं असतं का? फोडलेल्या डोक्यांवरून 'वेडा असावा' एवढं कोणीही म्हटलं असतं. पण त्या वेडाचं व्याकरण फक्त त्याच्या तोंडून मिळालं, तेही पकडल्यानंतर.

मग प्रोफायलिंगचे अंदाज इतके का पटतात? याचं उत्तर इंग्लंडमध्ये लॉरेन्स ॲलिसन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये शोधलं. त्यांनी पोलीस अधिकाऱ्यांना एका खऱ्या खुनाचं प्रोफाइल वाचायला दिलं. एका गटाला खऱ्या गुन्हेगाराचं वर्णन दिलं, दुसऱ्याला मुद्दाम रचलेल्या, बऱ्याच बाबतींत उलट असलेल्या माणसाचं. दोन्ही गटांतल्या मोठ्या संख्येनं अधिकाऱ्यांनी सांगितलं, प्रोफाइल चांगलं जुळतंय. रविवारच्या पुरवणीतलं राशिभविष्य ज्या कारणानं सगळ्यांना लागू पडतं, त्याच कारणानं. याच मंडळींनी खऱ्या प्रकरणांतली 21 प्रोफाइलं फोडून त्यांतली जवळपास चार हजार विधानं तपासली. सुमारे 80 टक्के विधानांना कसलाच आधार दिलेला नव्हता.

अंदाज नुसता चुकला तर फार बिघडत नाही. बिघडतं तेव्हा, जेव्हा पोलीस अंदाजाच्या मापाचा माणूस शोधू लागतात. लंडनच्या विंबल्डन कॉमनवर 1992 मध्ये रेचल निकेल या तरुणीचा खून झाला. पॉल ब्रिटन या मानसशास्त्रज्ञाच्या वर्णनात बसतो म्हणून पोलिसांनी कॉलिन स्टॅगवर एक महिला पोलीस प्रेयसी बनवून सोडली. महिनोन्‌महिने पत्रं, गुलगुलं बोलणं, कबुली मिळवण्यासाठी. तो कधी कबूल झालाच नाही. 1994 मध्ये न्यायमूर्तींनी खटला फेटाळून लावला. खरा खुनी रॉबर्ट नॅपर याचा गुन्हा डीएनएमुळे उघड झाला आणि त्यानं तो 2008 मध्ये कबूल केला. मधल्या काळात त्यानं आणखी एका बाईचा आणि तिच्या लहान मुलीचा जीव घेतला होता.

आपल्या पंचनाम्याची भाषा यापेक्षा शहाणी वाटते. 'मयत इसम, वय अंदाजे 40, डोके पूर्वेस, पाय पश्चिमेस, उताणे स्थितीत.' कोरडी, कंटाळवाणी, कित्येकदा गचाळ अक्षरात लिहिलेली. पण तिच्यात मनाला जागाच नाही, आणि तेच तिचं बळ. कोर्टात खुन्याच्या मनाचा अंदाज पुरावा म्हणून चालत नाही. चालतं ते कोण कोणासोबत शेवटचं दिसलं, मेलेल्याची वस्तू कोणाच्या घरातून निघाली. पुण्यातल्याच शरद बिर्धीचंद सारडा खटल्यात 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं परिस्थितिजन्य पुराव्याची पाच सूत्रं सांगितली, वकील त्यांना पंचशील म्हणतात. पुराव्याची साखळी अशी हवी की दुसरा कोणी खुनी असण्याची शक्यताच उरू नये. 2010 च्या सेल्वी निकालानं नार्को आणि ब्रेन मॅपिंगसुद्धा संमतीशिवाय करायला मनाई केली. आरोपीच्या डोक्यात थेट शिरण्याची वाट कायद्यानं बंद केलेली आहे.

नांदोसच्या खटल्यात मन आलं, पण शिक्षेच्या वेळी. अपराध परिस्थितिजन्य पुराव्यावर सिद्ध झाला. फाशीची शिक्षा झालेल्यांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि 27 फेब्रुवारी 2014 रोजी ती जन्मठेपेत बदलली. सड्यावर जे घडलं ते न्यायालयानं कुठंही हलकं मानलं नाही. पण गुन्ह्याच्या वेळचं तरुण वय, घरची गरिबी, आणि तुरुंगात राहून यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून केलेलं शिक्षण, हे बघून माणूस सुधारण्याची शक्यता संपलेली नाही असं म्हटलं. दहा माणसांना डोंगरावर नेऊन मारणारे आणि परीक्षेचे अर्ज भरणारे, हे तेच लोक. एका प्रकारचं मन म्हणून ते कुठल्या रकान्यात बसवायचं, हे मला तरी ठरवता येत नाही.

नांदोस प्रकरणात खरं तर खुन्यांपेक्षा बळींचं मन वाचायला हवं होतं, आणि तपासाच्या दृष्टीनं ते जास्त उपयोगी. पैशांचा पाऊस पाडून घ्यायला निघालेला माणूस घरच्यांना काय सांगून निघतो? कामाला जातो, देवाला जातो, पाहुण्यांकडे जातो. खरं कारण तो सांगत नाही, कारण त्याला लाज वाटते, आणि वाटेकरी नको असतात. तो नाहीसा झाला तरी शोध भलत्याच गावी सुरू होतो. टोळीनं गुप्ततेची अट घातली ती पूजेसाठी नव्हती. त्यावेळी जादूटोणाविरोधी कायदाही नव्हता. तो यायला नरेंद्र दाभोलकरांचा खून आणि 2013 साल उजाडावं लागलं.

सिंधुदुर्गाला लागून असलेल्या गोव्यात हेच दुसऱ्या रूपात दिसलं. फोंडा तालुक्यातल्या शिरोड्याचा रिक्षाचालक महानंद नाईक याला 2009 मध्ये अटक झाली. 1994 पासून सोळा बायकांचे खून केल्याचा त्याच्यावर आरोप होता. बहुतेक गरीब घरच्या, लग्न लांबलेल्या. लग्नाचं वचन द्यायचं, घरच्यांना भेटवतो म्हणायचं, दागिने घालून ये सांगायचं, आणि निर्जन जागी ओढणीनं गळा आवळायचा. सोनं विकलं जाई. ओढणीवरून वृत्तपत्रांनी त्याला दुपट्टा किलर म्हटलं आणि ओढणीचा मानसशास्त्रीय अर्थ लावणारेही निघाले. मला ओढणीत गूढ काही दिसत नाही. ती बळीनं स्वतः आणलेली असते, हत्यार विकत घ्यावं लागत नाही, रक्त सांडत नाही. शोधण्याजोगी गोष्ट सोनं होती. ते कुठल्या सोनाराच्या दुकानात गेलं, कोणी नेलं.

पंधरा वर्षं तो सापडला नाही, कारण तिथं एकही घटनास्थळ नव्हतं. मुली पळून गेल्या असं घरच्यांनी धरलं, बदनामी नको म्हणून कित्येकांनी जास्त शोधही घेतला नाही. वेगवेगळ्या वर्षांच्या तक्रारी वेगवेगळ्या ठाण्यांच्या मिसिंग रजिस्टरमध्ये पडून होत्या, शेजारी ठेवून कोणी वाचल्या नव्हत्या. एका प्रकरणात तो अडकला आणि त्यानं बाकीचं सांगितलं, तेव्हा जुन्या नोंदी बाहेर आल्या. पण पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही. तेव्हा पुराव्याच्या कायद्याचं कलम 25 होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 23 आहे. त्या कबुलीवरून एखादी वस्तू प्रत्यक्ष सापडली, तर तेवढाच भाग धरता येतो. इतक्या वर्षांनी सापडायला फारसं काही उरलं नव्हतं. काही खटल्यांत त्याला जन्मठेप झाली, बऱ्याच खटल्यांत पुराव्याअभावी तो सुटला.